ओसरीवर येतं

ओलिटा गेहार्ट ही बाई जिवंत कशी आहे, याचा लेखी खुलासा शुक्रवारी चार वाजेपर्यंत द्यावा, असं पत्र माझ्याच सहीनं गेलं. शब्द थोडे सभ्य होते, अर्थ हाच होता. त्यामुळे दोष मलाच द्यायला हवा, आणि आमच्या हिकरी खोऱ्यानं तो मला हात राखून दिला नाही.

मी एस्टिल कॉडिल. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरात आमचं कम्युनिटी कॉलेज आहे, तिथं आर्थिक मदतीच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसतोय. फी भरायची ऐपत नाही अशांचे अर्ज तपासायचे आणि त्यांना सरकारी अनुदान मिळवून द्यायचं, हे माझं काम. हे अनुदान परत फेडायचं नसतं. पण आमच्या लोकांना हे पटवता पटवता माझे केस गेले. "परत द्यायचं नाही? मग बदल्यात काय घेतात?" असं विचारून निम्मे लोक दारातूनच माघारी फिरतात. उरलेल्यांपैकी निम्मे फॉर्म बघून पळतात. तरीही जे टिकतात, ते दोन वर्षांनी नर्स होतात, वायरमन होतात, आणि रस्त्यात भेटले की मला ओळख देत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ओळख न देण्यालाच आमच्याकडे आभार म्हणतात.

ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाचं आहेच, पण त्याला रीत आहे.

आमच्या खोऱ्यात कोणी कोणाला काही देत नाही. वस्तू ओसरीवर येतात. तुमच्या घरी अडचण असेल, तर सकाळी दार उघडल्यावर ओसरीवर बटाट्याची गोणी असते, किंवा शेंगांचं लोणचं, किंवा हरणाची तंगडी. आणणारा दार वाजवत नाही. बरणीच्या तळाला चिकटपट्टीवर नाव असतं, कारण चर्चच्या जेवणात भांडी बदलतात. ती पट्टी तो आधी खरवडून काढतो. घेणारा विचारत नाही. आणि समजा तुम्ही दार उघडलं आणि तो नेमका गोणी ठेवताना सापडला, तर दोघांनी वर बघायचं आणि म्हणायचं, "पाऊस येणार वाटतं." जानेवारीत बर्फ पडत असला तरी हेच म्हणायचं. मग तो निघून जातो आणि गोणी आपोआप आलेली असते.

आता ओलिटा. शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझी टोपी पळवायची. आज आम्ही दोघंही एकोणपन्नासचे. उंच, हाडापेरानं मजबूत, पायात वडिलांचे बूट, बोलणं मोजकं. नवरा इंडियानात कामाला गेला तो तिकडचाच झाला. वडिलांच्या जागेवर उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरून आणलेल्या पत्र्याच्या घरात, ती राहते, त्याला लाकडी ओसरी तिनं स्वतः ठोकलीय. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसाला चार तास काम. वर्षाची कमाई सात हजार चारशे डॉलर.

पण खोऱ्यात तिची खरी ओळख वेगळीच आहे. आमच्याकडचे पुरुष खाणीत गेले आणि छातीत कोळशाची धूळ घेऊन वर आले. दर दुसऱ्या घरात प्राणवायूचं यंत्र घरघरतंय. नळी तुंबली, मास्क गळायला लागला, यंत्र बोंबलायला लागलं, की ओलिटाला बोलवायचं. यंत्रवाला माणूस शहरातून दोन महिन्यांतून एकदा येतो, तोही रस्ता चांगला असला तर. ओलिटा छातीला कान लावते आणि सांगते, "डावं फुप्फुस शिट्टी मारतंय, उद्या दवाखाना गाठा." गोल्डन कोम्ब्ज, आमचा सगळ्यात जुना खाणकामगार, म्हणतो, "डॉक्टर यंत्र लावून जे सांगतो ते ही पोरगी कान लावून सांगते, आणि जाताना भांडी घासून जाते." यासाठी तिनं कधी एक सेंट घेतला नाही. मात्र तिची ओसरी कधी रिकामी नसते.

यंदा जूनमध्ये ती शाळा बंद होणार हे ठरलं. पोरं डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार, आणि तिथल्या स्वयंपाकघरात यंत्रं आहेत, बायका नकोत. मार्चमध्ये ओलिटा माझ्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. श्वासाच्या उपचारांचा दोन वर्षांचा कोर्स आमच्याकडे आहे. तो झाला की जिल्ह्याच्या इस्पितळात पगाराची नोकरी ठरलेली. जागा अठरा. प्रवेशाच्या यादीत तिचा नंबर अठरावा.

"फी किती?" तिनं विचारलं.

"पुस्तकं धरून वर्षाला पाच हजार."

"म्हणजे मी जेवायचं सोडलं तर जमेल."

"अगं, तुला फी भरायचीच नाही. हा फॉर्म भर. तुझ्या कमाईवर पूर्ण अनुदान बसतं. वर पेट्रोलला थोडे उरतील."

तिनं फॉर्म उलटून मागची बाजूही वाचली. मग म्हणाली, "एस्टिल, मला हे हवंय. असं मी जन्मात दुसऱ्यांदा बोलतेय."

"पहिल्यांदा कधी बोललीस?"

"बाबांच्या डब्याबद्दल."

मी पुढे विचारलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. खोऱ्यात कोणाला ठाऊक नव्हतं? तिचे बाबा तीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमचा गोल डबा घेऊन खाणीत उतरायचे. डब्यात ओटचा एक केक असायचा. त्यातला अर्धा ते खायचे आणि अर्धा परत आणायचे. ओलिटा आणि तिचा भाऊ डेनव्हर रस्त्यापर्यंत धावत जायची, डबा उघडायची, आणि तो अर्धा मोडून दोघांत खायची. बाबा गेले तेव्हा डेनव्हरला ट्रक, बंदूक आणि ओढ्यापलीकडची जमीन मिळाली, हिला अलीकडची जमीन आणि डबा. डेनव्हर म्हणाला, "ट्रक घे, डबा दे." ही म्हणाली, "डबा मला हवाय." त्याला नऊ वर्षं झाली. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एवढासा ओढा. एकाच दिवशी कपडे वाळत घालतात आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. भांडण करावं तर काहीतरी घसघशीत कारणासाठी तरी करावं, पण नाही. डब्यावरून.

असो. अर्ज गेला आणि कॉम्प्युटरनं तो बाजूला काढला. सात हजार चारशेमध्ये माणूस वर्षभर जगतो हे त्याला मान्य होईना. अशा वेळी आम्ही एक पुरवणी फॉर्म देतो: कमाई इतकी कमी असताना तुम्ही जगलात कसे? ओलिटानं तो भरून दिला आणि मी न वाचता वर पाठवला. माझी चूक.

वर म्हणजे मिसेस हॅल्स्टेड, आमच्या साहेबीणबाई. ओहायोतल्या शहरातून दोन वर्षांपूर्वी आल्या. बाई मनानं वाईट नाही, पण आधीच्या कॉलेजात तपासनीसांनी तिला इतकं घाबरवलं होतं की ती जेवणाची पावतीसुद्धा तारखेनुसार लावते. मंगळवारी तिनं आम्हा दोघांना बोलावलं आणि फॉर्म वाचायला सुरुवात केली.

"अन्न. महिन्याचा खर्च? तुम्ही लिहिलंय, 'ओसरीवर येतं.'"

"हो," ओलिटा म्हणाली.

"घर गरम ठेवण्याचा खर्च? 'दोन टन, ओसरीशेजारी येतं.'"

"कोळसा आहे. तो ओसरीवर मावत नाही."

"कपडे? 'आहेत.' गाडीची दुरुस्ती? 'होते.' करमणूक? 'खिडकी आहे.'" बाईंनी चष्मा काढला. "मिस गेहार्ट, हे सगळं आणतं कोण?"

"कोणी आणत नाही, बाई. येतं."

"पण कोणीतरी ठेवत असेल ना?"

"असेल."

"कोण?"

"ते मी कसं सांगू? बघायचं नसतं."

मिसेस हॅल्स्टेडनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाकडे पाहिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हे असं पुढे पाठवलं तर तपासनीस म्हणतील, या बाई कमाई लपवतात. प्रत्येक वस्तूचं नाव, अंदाजे किंमत, आणि माहीतगार माणसाची सही पाहिजे. शुक्रवारी चारच्या आत. त्यानंतर जागा एकोणिसाव्या उमेदवाराला द्यावी लागेल. माझ्या हातात नाही ते."

बाहेर आल्यावर मी सही केलेलं पत्र वर ठेवून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओलिटाच्या हातात दिला. तिनं तो मला परत दिला.

"मी लोकांच्या दारात जाऊन विचारू, की माझ्या ओसरीवर भोपळा तुम्ही ठेवला का?"

"तीन दिवसांचा प्रश्न आहे. थोडी लाज गिळ."

"माझी गिळेन रे. त्यांची कशी गिळू?"

"जागा जाईल, ओलिटा."

"मला कळतंय ते," ती म्हणाली. ती गाडीत जाऊन बसली. गाडी तीनदा खोकून सुरू झाली. मला स्वतःचाच राग आला, मग तिचा आला, मग सगळ्या खोऱ्याचा आला. ठरवलं, आपणच फिरायचं.

बुधवारी दुपारपासून मी दारोदार हिंडलो. आधी गोल्डनकाकांकडे. ते नाकात नळी घालून टीव्हीसमोर बसले होते.

"काका, ओलिटाला हरणाचं मांस तुमच्याकडून जातं ना?"

"माझ्याकडून? मला वीस पावलं चालवत नाही."

"तुमचा जावई नेऊन ठेवतो."

"माझ्या जावयाला हरीण आणि गाय यातला फरक कळत नाही."

त्यांच्या मागे फ्रीजरचं झाकण बंद होत नव्हतं, कारण त्यातून खूर बाहेर आला होता. मी खुराकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. "पाऊस येणार वाटतं," ते म्हणाले.

मग व्हर्नाकाकू स्लोन. वय एकाहत्तर, तोंड दिवसाचे सोळा तास चालू. मागच्या फळीवर टोमॅटोच्या साठेक बरण्या ओळीनं मांडलेल्या.

"टोमॅटो?" काकू म्हणाल्या. "माझे टोमॅटो यंदा करपले बाई सगळे."

"मग हे काय?"

"हे जुने आहेत."

"काकू, यावर मागच्या ऑगस्टची तारीख आहे."

"तू कॉलेजात शिकून लोकांच्या बरण्या वाचायला लागलास का रे, मेल्या? तुझी आई असती तर लाजेनं मेली असती."

अशी अकरा घरं झाली. अकराही जणांनी हात झटकले. एकानं तर मला शपथेवर सांगितलं की तो ओलिटाला ओळखतच नाही. ती त्याची सख्खी मावसबहीण आहे. मी व्हर्नाकाकूंच्या फाटकाशी माझी राहिलेली टोपी घ्यायला परत गेलो तेव्हा अगदी रडकुंडीला आलो होतो. काकूंना बहुतेक दया आली. टोपी देताना त्या हळूच म्हणाल्या, "मी काही दिलं नाही, ते सोड. पण त्या गोल्डनला धर. त्याचा जावई तंगडी खांद्यावर टाकून जाताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. चोरासारखा जात होता."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. फॉर्मवर लिहिलं होतं, 'माहीतगार व्यक्तीची सही'. देणाऱ्याची सही असं कुठंच लिहिलं नव्हतं.

"काकू, हे लिहून द्याल?"

"गोल्डनविरुद्ध?" काकूंचे डोळे चमकले. "दे तो कागद इकडे."

तिथून पुढे मला काही करावं लागलं नाही. स्वतःचं नाव सांगायला जीव गेला तरी कोणी तयार नव्हतं, दुसऱ्याचं सांगायला मात्र रांग लागली. मी गोल्डनकाकांना व्हर्नाकाकूंचा कागद दाखवला. त्यांनी नळी सरळ केली, पेन मागितलं, आणि टोमॅटो, काकडीचं लोणचं व सफरचंदाचा मुरंबा अशा तीन कलमांखाली व्हर्नाकाकूंवर जबानी दिली. गुरुवारी सकाळी माझ्या ऑफिसचा फोन थांबेना. लोक आवाज बदलून चुगल्या करत होते, आणि मी त्यांना म्हणत होतो, "हो, ओळखलं मी. येऊन सही करा."

ते कागद मी आजही जपून ठेवलेत, त्यांच्या प्रती. "मी, व्हर्ना स्लोन, चष्मा घातलेला असताना, असं लिहून देते की सदर जावई ता. १४ नोव्हेंबर रोजी ओसरीकडे गेला तेव्हा त्याच्याकडे तंगडी होती व परतताना नव्हती." दुसऱ्यानं लिहिलं होतं, "ओलिटाच्या ट्रेलरचं छप्पर गळायचं थांबलं त्या दिवशी पास्टरच्या अंगठ्याला हातोडी लागली होती. मी आणखी काही म्हणत नाही." फॉर्ममध्ये 'विद्यार्थ्याशी नातं' असा एक रकाना होता. त्यात सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: "काही नाही."

सतराव्या कागदावर गोल्डनकाकांचं अक्षर होतं. "मागच्या मार्चमध्ये ओलिटाच्या गाडीचे चारही टायर आपोआप बदलले. जो माणूस आपोआप बदलत होता तो कॉलेजात खिडकीमागे बसतो. त्याची टोपी मी ओळखतो. लबाड आहे, पण टायर चांगले आहेत."

कागद फाडावा असं फार वाटलं. पण फाडला तर टायरचा हिशेब उघडा पडत होता, आणि फाईलमध्ये लावला तर मी उघडा पडत होतो. लावला.

मिसेस हॅल्स्टेडनी गुरुवारी संध्याकाळी सगळी फाईल वाचली. सतराव्या कागदावर त्या थांबल्या.

"मिस्टर कॉडिल, हे तुम्ही?"

माझी मान आपसूक वर गेली. "पाऊस येणार वाटतं," मी म्हणालो.

"आपण इमारतीच्या आत आहोत."

बाईंनी फाईल स्वतःकडे ओढली. अर्जदाराला टायर देणाऱ्या माणसानं त्याचा अर्ज तपासता कामा नये, हे तर बरोबरच होतं. "उद्या हे मी बघेन," त्या म्हणाल्या. मग कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत राहिल्या आणि शेवटी कपाळाला आठी घालून थांबल्या. "अन्न झालं. छप्पर झालं. गाडी झाली. पण हिवाळा? तिथं जानेवारीत पाण्याचे पाईप फुटतात. दोन टन कोळसा लागतो, त्यांनीच लिहिलंय. त्याची सही कुठे आहे? कोळशाशिवाय एक तर या बाईंनी पैसे लपवलेत, नाहीतर त्या गोठून गेल्यात. दोन्ही बाबतींत मला अनुदान देता येत नाही."

ओलिटाचा समज होता, कोळसा चर्चकडून येतो. मी पास्टरना फोन लावला. "चर्चकडून?" ते म्हणाले. "आमच्याकडेच चार वर्षं गॅस आहे. एस्टिल, मला नको विचारू."

मी व्हर्नाकाकूंकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईची दातखीळ बसलेली पाहिली. मी विनवलं, ओरडलो, शेवटी त्यांच्या पायरीवर डोकं धरून बसलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "दर नोव्हेंबरात उजाडता उजाडता एक ट्रक येतो. त्याला एकच दिवा आहे. यापुढे मी सही करणार नाही, आणि खोऱ्यात कोणीच करणार नाही. टोमॅटोचं वेगळं असतं. हे भावंडांचं आहे."

शुक्रवारी एक वाजता मी शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. ओलिटा केसांना जाळी लावून घेवड्याच्या पातेल्यात डाव फिरवत होती. मी तिला कोळशाचं सांगितलं, पास्टरचं सांगितलं. मग म्हणालो, "ट्रकला एकच दिवा आहे म्हणे."

डाव थांबला.

"डावा?"

"डावा."

तिनं गॅस बारीक केला. "चर्च म्हणून मी नऊ वर्षं रविवारी शेवटच्या बाकावर बसून प्रार्थना करतेय," ती म्हणाली. "आणि तो मेला समोर पाठ करून लंगोट्या वाळत घालतोय." तिचे डोळे भरले होते आणि ती रागानंच बोलत होती. पोरांना वाढून झाल्याशिवाय ती तिथून हलली नाही. मी घड्याळाकडे बघून बघून अर्धा झालो.

मग आम्ही तिच्या ट्रेलरवर गेलो. तिनं खिळ्यावरून बाबांचा डबा काढला, बाहीनं पुसला, कोरा फॉर्म घडी करून आत ठेवला. ओढा ओलांडून डेनव्हरच्या घरासमोर मी गाडी उभी केली. ट्रक दारात होता. खिडकीचा पडदा हलला. ओलिटा उतरली, पायऱ्या चढली, डबा त्याच्या ओसरीवर ठेवला आणि परत येऊन बसली.

"अगं, दार तरी वाजव. सही पाहिजे असं सांग तरी."

"वाजवायचं नसतं."

"ओलिटा, चार वाजता जागा जाणार आहे."

"एस्टिल, गाडी चालव."

कॉलेजपर्यंत पन्नास मिनिटांचा रस्ता. मी सगळा रस्ता बडबडत होतो, काय ते आठवत नाही. तीनला पाच कमी असताना आम्ही मिसेस हॅल्स्टेडच्या टेबलासमोर बसलो. बाईंनी फाईल उघडून ठेवली होती आणि शेजारी एकोणिसाव्या उमेदवाराचा फोन नंबर. साडेतीन वाजले. ओलिटा हात मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती. वीस वर्षं लोकांच्या छातीला कान लावणारी बाई, आणि तिचा स्वतःचा श्वास मला टेबलापलीकडून ऐकू येत होता.

पावणेचारला बाहेर ट्रकचा आवाज आला. दारात डेनव्हर उभा राहिला. धिप्पाड माणूस, हातात टोपी, कॉलेजात आयुष्यात पाय न ठेवलेला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. डबा टेबलावर ठेवला, छताकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

मिसेस हॅल्स्टेडनी डबा उघडून वरचा कागद काढला. वस्तू: कोळसा, दर साल दोन टन. सही होती. किंमत: रकाना रिकामा. आणि 'विद्यार्थ्याशी नातं' या रकान्यात लिहिलं होतं, "भाऊ." पेन इतकं दाबून धरलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

बाईंनी ते वाचलं, कागद ओलिटासमोर सरकवला आणि तोंड खिडकीकडे वळवून बसल्या. मग मला म्हणाल्या, "किंमत रिकामी चालत नाही. तुमच्याकडे टनाला काय पडतं?"

मी सांगितलं. त्यांनी आकडा भरला, बेरीज केली. सतरा जबान्या विरुद्ध असूनही सरकारच्या हिशेबात ओलिटा गरीबच निघाली. पूर्ण फी, पुस्तकं, वर पेट्रोल. चारला सहा मिनिटं कमी असताना शिक्का पडला.

"झालं?" ओलिटानं विचारलं.

"झालं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू."

"आणि परत काय द्यायचं?"

"काही नाही."

"मग हे ठेवलं कोणी?" ती म्हणाली. मिसेस हॅल्स्टेडनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान वर करून छत बघत बसल्या. दोन वर्षांत बाई तयार झाली होती.

ओलिटानं डबा उचलला. तळाशी मेणकागदात काहीतरी होतं. तिनं कागद सोडला. ओटचा केक होता, अर्धा.

ती तशीच बाहेर गेली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डेनव्हर ट्रकमध्ये बसून होता, इंजिन बंद, दोन्ही हात चाकावर. ओलिटानं केक मोडला. एक तुकडा ट्रकच्या नाकाडावर, त्या फुटक्या दिव्याच्या वर ठेवला, आणि दुसरा खात तिथंच उभी राहिली. डेनव्हर खाली उतरला. तिथंच त्यानं तिला तुकडा ठेवताना पकडलं असं म्हणायला हरकत नाही, म्हणून दोघांनी माना वर केल्या.

"पाऊस येणार वाटतं," ओलिटा म्हणाली.

डेनव्हरनं तुकडा उचलला. "येईल," तो म्हणाला.

नऊ वर्षांनी एवढंच बोलली ती दोघं. मग शेजारी शेजारी टेकून केक संपेपर्यंत आभाळाकडे बघत राहिली, आणि आभाळ त्या दिवशी निळंशार होतं.